शिळ्या पावाचे सूप
शिळा पाव टोमॅटोच्या रसात शिजू लागला आणि त्यावर बेझिलची पाने पडली, की मला अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमधले एका स्नेह्यांच्या घरचे ते बेसमेंट आठवते. आम्ही काही निवृत्त मराठी जोडपी तिथे इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या सहलीची आखणी करायला जमलो होतो. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या होत्या आणि आल्याच्या चहाचा वास दरवळत होता. माझ्या शाकाहारी पत्नीची एकच इच्छा होती: तिथल्या बाजारामागच्या खानावळीत हे सूप खायचे. “आपल्या फोडणीच्या पोळीसारखंच असतं ते. मांस-मासे काही नाही,” तिने समजावून सांगितले. सहलीचे पुढारपण घेतलेले गृहस्थ हसले. “वहिनी, एवढ्या लांब जाऊन शिळं खायचं? रोज रात्री इंडियन डिनर बुक केलंय, दुपारी दशम्या.” “एक दुपार तरी, भाऊजी.” “ग्रुप म्हणजे ग्रुप,” ते म्हणाले आणि सगळे हसले. मी तिची बाजू घ्यायला पुढे झालो. पत्नीने माझा हात दाबून मला गप्प केले. फ्लॉरेन्समध्ये आम्ही त्या खानावळीवरून रोज पालक-पनीर खायला चालत गेलो. आता तिच्या गुडघ्यांना प्रवास झेपत नाही, म्हणून हे सूप मी घरी करतो. “तिथे असंच लागत असेल का हो?” ती विचारते, आणि मी तिच्या वाटीत आणखी एक पळी वाढतो. परवा एका वाढदिवसाला तेच गृहस्थ फ्लॉरेन्सला निघालेल्या एका तरुण जोडप्याला सांगत होते, “शहर सुंदर आहे, पण खायला काही मिळत नाही. दशम्या न्या.”