अर्धा राब

ये, अशी जवळ बस. भिवंडीपर्यंत येतेस आणि आजीला न भेटता परत फिरतेस, ही कुठली रीत गो? आणि आज आलीस ती विचारतेस, बांधावरची ऐनाची झाडं एवढी उंच कशी वाढली! ऐक मग.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर आधी फांद्या, पाला, शेण पसरून जाळायचे. त्याला राब म्हणतात. ऐनाच्या फांद्या पुरुष तोडायचे, भारे डोक्यावरून वाहायचो आम्ही बाया. माझी मान रात्रंदिवस ठणकायची. तुझे आजोबा भिवंडीत कापडाच्या लूमवर शिफ्टला, म्हणून शेत माझ्याच हाती.

तुझा बाप शाळेत होता तेव्हा भातावर संशोधन करणारे साहेब गावात आले. सोबत अंबाडी गावचे भातगिरणीवाले शेठ. साहेब म्हणाले, "अर्ध्या जागेत राब भाजा, अर्ध्यात नुसतं कुजलेलं शेणखत घाला. रोपं सारखी आली तर जाळायचं कशाला?" मी लगेच हात वर केला.

शेठ म्हणाले, "जाळा नाहीतर नका जाळू, माझ्या गिरणीत तांदळाची कणी पडता कामा नये."

"शेठ, आधी रोप तरी उगवू द्या!" मी म्हटलं. सगळे हसले.

पण घरात सासू होती ना! मी बाजारातून येऊन बघते, तर दोन्ही अर्धे काळेठिक्कर.

"अर्ध्या जमिनीला जेवान आनि अर्धी उपाशी? माझ्या डोल्यांदेखत न्हाय व्हायचा!" सासू म्हणाली.

रोपं दोन्हीकडे सारखीच तरारली. साहेबांनी खुशीत वही उघडली. गप्प राहिले असते तर माझे भारे तिथेच सुटले असते. पण उद्या सगळं गाव त्या वहीवर विसंबून शेती करणार, आणि न जाळता रोपं खुरटली तर?

"साहेब, लिहू नका. दोन्हीकडे भाजलंय."

शेठ हसले, "बाई, घर सांभाळता येईना, प्रयोग काय सांभाळणार?"

"पुढच्या वर्षी या, मग बोला."

पुढच्या वर्षी मी सासूलाच राखणीला बसवलं; शेठचं बोलणं तिलाही झोंबलं होतं. काठी घेऊन बसली. "कोन जालतंय तेच बघते!"

न जाळलेल्या अर्ध्यात तण जास्त आलं, ते मी हातानं उपटलं. रोपं मात्र तशीच जोमदार. गिरणीत कणीही वाढली नाही. शेठनी दोन्ही तांदूळ तळहातावर चोळून पाहिले आणि म्हणाले, "बाई, दोन्ही घेतो."

तेव्हापासून आपल्या ऐनांना कोयता लागला नाही. आता त्यांच्याखाली खाट टाकते मी. तर पुढच्या वेळी मानकोलीच्या नाक्यावरून मागे फिरू नकोस. लवकर ये बाय, सावली आहे भरपूर.