गल्लीकडचं दार

नव्वदच्या आसपासची गोष्ट. देवपूरहून लग्न होऊन मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आले आणि तिथल्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले. थोड्याच दिवसांत इमारत वाढवण्यासाठी अनुदान मंजूर झालं. अध्यक्ष आबा कापसाचे व्यापारी. ते म्हणाले, "गावाला काय पाहिजे ते आधी विचारू, मग गवंडी बोलावू."

दाराशी सूचनांची पेटी ठेवली. महिन्याने उघडली. वर्तमानपत्रं वाढवा, पंखा लावा, कॅरम ठेवा, वर सभागृह बांधा. झाडून सगळ्या चिठ्ठ्या पुरुषांच्या. समितीला सभागृह पसंत पडलं.

"आबा, निम्म्या गावाला विचारायचं राहिलं," मी म्हटलं.

"पेटी सगळ्यांसाठीच होती की, बाई."

"पेटीपर्यंत पोचणार कोण?"

वाचनालयाला दार एकच, आणि ते उघडायचं वर्तमानपत्रांच्या खोलीत. तिथे दोन्ही बाजूंच्या बाकांवर पाय पसरून पुरुष बसलेले. पुस्तकांची कपाटं त्यांच्या पलीकडे. बायकांना पुस्तक हवं असलं तर नवरा किंवा मुलगा आणील तेच वाचायचं. मी नोकरीवाली, म्हणून त्या पायांतून वाट काढत रोज जायचे.

उन्हाळा होता. अंगणाअंगणांतून बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, वाळवण चाललं होतं. खाटेवर धोतर पसरून ज्वारीचा शिजवलेला घाटा पाण्याच्या हाताने थापायचा. हात गुंतले की बायकांची तोंडं सुटतात. मी सकाळी सकाळी जाऊन थापायला बसायचे आणि विचारायचे.

"तठे कशी जाऊ? बठ्ठा माणसे पाय पसारीसन बठेल ऱ्हातस," एक जण म्हणाली.

आबांच्या अंगणात त्यांची बायको, अक्का, हातातली बिबडी थापून संपवत होती. मग म्हणाली, "आमना घरमा पुस्तके येतस. पण माले काय वाचनं शे, ते कोणी इचारं का? माले कपाटना म्होरे उभी राहीसन पुस्तक निवडनं शे."

अध्यक्षांची बायको, आणि वाचनालय तिने आतून पाहिलेलं नव्हतं.

समितीत मी मागच्या गल्लीकडे दुसरं दार मागितलं. एक सभासद हसले. "दोन दोन दारं? वाचनालय आहे का धर्मशाळा?" आबा म्हणाले, "ज्यांना पाहिजे त्यांनी रविवारच्या सभेला येऊन सांगावं." कोणी येणार नाही याची त्यांना खात्री असावी.

रविवारी वर्तमानपत्रांच्या खोलीतच सभा भरली. बायका आल्या. अंगणाअंगणांतून निघून वाटेत एकमेकींना घेत आल्या होत्या. पुढे अक्का, डोक्यावर पदर. बाकांवरचं कोणी हललं नाही. मुद्दाम नव्हे, हलायची वेळच कधी आली नव्हती त्यांच्यावर.

"या, या, आत या," आबा म्हणाले.

अक्का उंबऱ्यातच थांबली. "कोठेन येऊ? पाय ठेवाले जागा ते दखाडा."

आधी कोणाला कळलंच नाही. मग मागून एक म्हातारा खो खो हसला, आणि बाकांवरचे पाय एकेक करून आत गेले. आबांनी बाकांकडे पाहिलं, मग पलीकडच्या कपाटांकडे. मी संधी सोडली नाही. "आबा, कपाटं गल्लीकडच्या भिंतीलाच आहेत. मधली दोन सरकवली की दार बसतं."

"अन् सभागृहाचं काय?" तेच सभासद.

"सभा आज इथंच भरली ना?" आबा म्हणाले. "एवढी मोठी तर आजवर कधी भरली नव्हती."

दिवाळीच्या आत दार झालं. त्याच्याआड बायकांसाठी एक खोली निघाली, तिच्यात बाक आणि पंखा. सभागृह राहिलं ते राहिलंच.

पहिल्या दुपारी अक्का आली. मी कौतुकाने एक चांगली कादंबरी काढून पुढे केली. तिने ती बाजूला ठेवली. "तू नको निवडू. मी दखस." एकेक पुस्तक काढून, उघडून, दोन ओळी वाचून ती परत ठेवत गेली. ऊन उतरायला लागलं तेव्हा कुठे एक जाडजूड पुस्तक छातीशी धरून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ते टेबलावर आपटून म्हणाली, "भंगार शे," आणि तडक कपाटाकडे वळली.