मारुतीसमोरच्या जर्सी

आठवडाभर सरावाला न फिरकलेल्या खेळाडूला तुम्ही सामन्यात उतरवाल का? आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाच्या जर्सी तालमीतल्या मारुतीपुढे ठेवतात आणि सामन्याआधी प्रशिक्षक त्या वाटतात. आज आमचे प्रशिक्षक अण्णा यांनी सरावाला न आलेल्या दोन बड्या खेळाडूंना वगळलं.

"हरलात तर उद्या तालमीची पायरी चढायची नाही, अण्णा," त्यातला एक गुरगुरला. दारात पत्रकार उभे होते. या निर्णयाची कुणकुण लागल्यानं 'अण्णा हटाव' असं त्यांनी सकाळीच छापलं होतं.

"मग आजच मारुतीला दोनदा नमस्कार करतो," अण्णा हसले आणि त्यांनी जर्सी नवख्यांच्या हातात दिल्या. जागा घामानं मिळावी, हेच तर आपण सगळीकडे मागतो!

आज सामना बघायला या, आणि निकाल काहीही लागो, शेवटच्या शिट्टीनंतर मैदान सोडू नका. अण्णांसाठी उभे राहून टाळ्या वाजवा.