कॉम्प्युटरच्या खोलीतली खंडेनवमी

पिराजी बनसोडेबद्दल कुणी वाकडं बोललेलं मला खपत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माणूस काही देव नव्हता. चहा थंडगार करून प्यायचा, कुणाच्या लग्नाला वेळेवर पोचायचा नाही आणि हसू आलं की शेजारच्याच्या खांद्यावर सणसणीत थाप मारायचा. पण त्याच्यामुळं माझ्या थोरल्या बहिणीची चूल पेटती राहिली. त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होतो. कारखाना सहकारी, वाशीकडच्या माळावरचा, ढोकीच्या मोठ्या कारखान्याच्या मानानं अगदीच चिमुकला. सत्याऐंशी साली आमच्या संचालकांनी कॉम्प्युटर आणला. पावसानं लागोपाठ दगा दिला होता, विहिरींनी तळ गाठला होता आणि उभा ऊस वाळत चालला होता. कुणाचा ऊस आधी तोडायचा यावरून दर हंगामाला डोकी फुटायची वेळ यायची. तो क्रम यंत्रानंच लावला म्हणजे कुणी कुणाच्या नावानं बोटं मोडायला नकोत, असा त्यामागचा विचार.

यंत्राच्या मागोमाग पिराजी आला. वाशीजवळच्याच एका खेड्यातला, बौद्ध घरातला. बापानं दुष्काळी कामावर खडी फोडून त्याला शिकवलं होतं. पुण्यातली बरी नोकरी सोडून इथं कशाला कडमडलास, म्हणून आम्ही त्याला चिडवायचो.

"पुण्यात ऊस कुठं वाळतोय?" तो म्हणायचा, आणि खांद्यावर थाप.

कॉम्प्युटरवाला म्हणजे त्याला सगळंच येत असणार, अशी आमची समजूत. मोठे साहेब त्यांचा कॅलक्युलेटर घेऊन यायचे, ट्रॅक्टर दुरुस्तीचा चाँदपाशा मिस्त्री टेपरेकॉर्डर आणायचा. पिराजी कुरकुर करायचा, पण पेचकस हातात घ्यायचाच.

त्याच्या खोलीत धूळ चालायची नाही म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. आत गारेगार एसी, परवानगीशिवाय कशाला हात लावायचा नाही. ती खोली झाडायचं काम माझ्या बहिणीकडं, सरूआक्काकडं होतं. भावोजी गेल्यावर साहेबांच्या हातापाया पडून मीच तिला रोजंदारीवर लावलं होतं. त्या साली शेतात खुरपायला गवतसुद्धा नव्हतं, तेव्हा तिचं आणि तिच्या पोरींचं सगळं त्या झाडूवर चालायचं.

पिराजीचा प्रोग्राम कुठं अडला की तो आक्काला समोर बसवायचा. "सरूआक्का, म्या एकेक ओळ सांगतो. तुमी नुसतं व्हय म्हणा." मग हा वाचणार, "ऊस वाळायला लागला असंल तर नाव वर घे," आणि आक्का म्हणणार, "व्हय." "नसंल तर लागणीची तारीख बघ." "व्हय." असं करता करता मधेच तो कपाळावर हात मारायचा. चूक त्याची त्यालाच सापडलेली असायची. सांगितल्याशिवाय दिसत नाही आणि भिंतीला सांगायची लाज वाटते, म्हणायचा. आक्काला त्यातलं काही कळत नसे, पण आपल्या व्हय म्हणण्यानं साहेबाचं काम होतं याचं तिला फार अप्रूप होतं.

दसरा आला. पिराजी म्हाताऱ्या आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला. तो दरवर्षीच जायचा. इकडं खंडेनवमीला कारखान्यातल्या प्रत्येक लोखंडाला हळदकुंकू लागलं. माझ्या काट्याला, टाइपरायटरला, चाँदपाशाच्या पान्यांना. त्यानं स्वतःच नारळ आणला होता. एकट्या कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप, आणि किल्ली झाडलोटीसाठी आक्काकडं.

पिराजी परत आला तेव्हा मी सहज त्याच्या खोलीत डोकावलो होतो. त्यानं फ्लॉपी घातली आणि मशीन दळण अडल्यासारखं घरघरलं. पडद्यावर कसलीतरी चूक उमटली. त्यानं फ्लॉपी बाहेर काढली. ती म्हणजे एक पातळ काळं पाकीट. त्याला मधे लांबट खिडकी, तिच्यातून आतली तपकिरी चकती दिसते. सगळा प्रोग्राम, सगळ्या सभासदांच्या उसाची नोंद त्या चकतीवर. आणि खिडकीत हळदीकुंकवाचं ओलं बोट उठलेलं होतं, तेही आता वाळून फासलं गेलेलं.

मी आक्काला हाक मारली. ती आली, आणि आमचे चेहरे बघून दारातच थबकली.

"सगळ्यांची पूजा झाली, ह्येचीच न्हाय," ती म्हणाली. "साहेब रोज ही आत घालत्यात, तवा मशीन जागं हुतं. म्हनलं जीव हिच्यातच असंल."

"दुसरी कुठाय?" पिराजीनं विचारलं. एक खराब झाली तर असावी म्हणून त्यानं दुसरी तशीच प्रत ठेवली होती.

"तिलाबी लावलं की. एकीला लावायचं अन् दुसरीला न्हाय, बरं दिसतं का?"

दुसऱ्या दिवशी संचालकांची बैठक होती, तिच्यात तोडणीचा क्रम ठेवायचा होता. पुन्हा सगळं टाइप करायचं तर दिवाळी उलटली असती. तेवढ्यात मोठे साहेबच आले. हकिगत ऐकून त्यांचा पारा असा चढला की बोलता सोय नाही.

"या बाईला आत्ताच्या आत्ता घरी पाठवा!"

"साहेब, किल्ली मी दिली होती," पिराजी म्हणाला. "काय करायचं नाही ते सांगायचं राहिलं, ते माझंच. चपला काढा, हात लावू नका, एवढंच सांगितलं. अशी खोली दुसरी कुठली असते? त्यांनी देवघर समजलं तर त्यांचं काय चुकलं?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. "संध्याकाळपर्यंत तोडणीच्या क्रमाचा कागद माझ्या टेबलावर पाहिजे. नाहीतर उद्यापासून ही कारखान्यात दिसता कामा नये."

आक्का रडली नाही. पदर तोंडाला लावून उभी राहिली. मला मात्र रडू फुटायचंच बाकी होतं.

पिराजीनं दुसरी फ्लॉपी मशीनला लावलीच नाही. पहिल्या फ्लॉपीवरच्या कुंकवानं मशीनचा आतला वाचायचा भाग बरबटला असणार, तो हिलाही खरवडून काढील, म्हणाला. दवाखान्यातून स्पिरिट आणि कापूस आणून त्यानं आधी तो भाग पुसला. मग ब्लेडनं फ्लॉपीचं पाकीट कडेनं कापलं आणि चकती अलगद बाहेर काढली.

"हिला धुवायचं," तो म्हणाला.

आमच्या बोअरचं पाणी असलं क्षाराचं की हंड्याला पांढरं कीट धरायचं. मी पळत चाँदपाशाकडं गेलो. त्यानं ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी होतं तेवढं सगळं दिलं. "ले जाव श्रीपती, बॅटरी उद्या बघू," म्हणाला.

ताटलीत पाणी ओतलं, आणि मग पिराजीनं स्वतः हात घातला नाही. "सरूआक्का, तुमी धुवा. माझा हात लई जड हाय."

"म्या? पुन्हा काय इपरीत झालं तर?"

"पोरींना न्हाऊ घातलंय न्हवं? तसंच. घासायचं न्हाय, नुसतं पाणी फिरवायचं. चकतीला मधे बोट लावू नका, कडेला धरा."

आक्कानं दोन्ही चकत्या तान्ह्या पोरीला न्हाऊ घालावं तशा धुतल्या. मऊ फडक्यानं टिपल्या. पिराजीनं कोऱ्या फ्लॉपींची पाकिटं कापून त्यात या सरकवल्या, कडा चिकटवल्या आणि पहिली मशीनला लावली. प्रोग्राम निम्म्यात अडकला, पण सभासदांची नोंद पुरती वाचली गेली. दुसरी लावली. तिच्यावरची नोंद गेली होती, पण प्रोग्राम शाबूत होता. दोन्हींचं मिळून एक धड झालं. छपाईयंत्र करकर करत कागद ओकायला लागलं तेव्हा आक्का सवयीनं म्हणाली, "व्हय."

पिराजी इतका हसला की थाप मारायलाही विसरला. संध्याकाळी कागद साहेबांच्या टेबलावर होता. पुढं आक्का त्याच कारखान्यात कायम झाली आणि तिथूनच निवृत्त झाली.

पुढच्या दसऱ्याला नागपूरला निघताना पिराजीनं तिच्या हातात एक फ्लॉपी ठेवली. "ही कोरी हाय. हिला कितीबी हळदकुंकू लावा."

आक्कानं ती परत केली. "कोरीला काय पुजायचं, साहेब? काम करतीया तिलाच पुजत्यात."

बस चुकायची वेळ झाली होती, आई फाटकाशी वाट बघत उभी होती. तरी पिराजी परत खोलीत गेला, मशीन लावलं, सगळा प्रोग्राम त्या फ्लॉपीवर उतरवला आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून मेणबत्तीवर पिशवीचं तोंड बंद केलं. "आता वरून लावा."

आक्कानं दोन्ही हातांनी ती घेतली. "तितं माझ्या नावानंबी हात जोडा," म्हणाली.

"जोडतो की."

त्यानं खरंच जोडले. परत आल्यावर त्याच्या आईनंच मला सांगितलं, पोरानं तिथं मोठ्यानं नाव घेतलं, आधी आईचं आणि मग सरूआक्काचं.