बदकामार्फत जावई

आस्रिलच्या लग्नात, भर दुपारी, भरल्या बैठकीत त्याचा मामा उभा राहिला आणि घसा साफ करून म्हणाला, "लहानपणी नाव, मोठेपणी किताब. आमचा हा भाचा आजपासून सुतान पामुंचाक."

त्याच क्षणी स्वयंपाकघरात एक झाकण पडलं.

लग्नघरात झाकणं पडतातच, म्हणून कुणी मान वळवली नाही. पण हे झाकण नवरीच्या आईच्या, जास्नियारच्या हातातून पडलं होतं. तिचा नवराही सुतान पामुंचाकच होता. एकवीस वर्षांपूर्वी, धाकटी येर्निस रांगत होती तेव्हा, तो कापडाची गाठोडी घेऊन डोंगराखाली जांबीला विकायला गेला. "भातलावणीपर्यंत येतो," असं सांगून गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. तेव्हापासून त्या घरात तो शब्द बंद होता. फारच गरज पडली तर "ते खाली गेलेले" असं म्हणायचे.

आणि आता रांगणारी ती येर्निस नवरी होऊन बसली होती, शेजारी नवा कोरा सुतान पामुंचाक.

हे आधी कुणी विचारलं का नाही? नाही विचारलं. सोयरिकीच्या तीन बैठका झाल्या. ताटं किती, छत्री पिवळी की काळी, पान आधी कुणी उचलायचं यावर दोन्हीकडचे मामा घसा बसेपर्यंत भांडले. पण नवऱ्या मुलाचा किताब लग्नाच्या बैठकीतच फोडायचा, आधी विचारणं म्हणजे हावरटपणा. प्रत्येक कुळाच्या पेटीत आपापले किताब असतात, आणि दोन पेट्यांत एकच किताब निघू शकतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आमच्या मिनांग मुलखात सगळेच जावई घरजावई. घर बायकोचं, शेत बायकोचं, पातेलीसुद्धा बायकोच्या आईची. जावई म्हणजे ओंडक्यावरची राख, फुंकर आली की गेली, असं म्हातारे सांगतात, आणि सांगताना स्वतःही कुणाच्या तरी घरची राखच असतात. त्या राखेकडे स्वतःचं म्हणून एक उशी असते आणि एक किताब. लग्नानंतर सासरच्यांनी जावयाला नुसत्या नावानं हाक मारली, तर तो उशी उचलून आईकडे जाऊ शकतो आणि गाव त्याला दोष देत नाही.

म्हणजे जास्नियारला जावयाचं नाव घेता येत नव्हतं आणि किताब तोंडातून निघत नव्हता.

तिचा भाऊ दातुक बंदारो हा त्या घराचा कारभारी मामा. तो आस्रिलच्या मामाकडे गेला.

"तेवढा किताब बदलून द्या," तो म्हणाला.

"किताब म्हणजे टोपी आहे का, डोक्याला बसत नाही म्हणून बदलायला?"

"तुमच्याकडे दहा तरी असतील."

"दहा आहेत, ते दहा जणांना दिलेत. तुमच्या बहिणीचा नवरा पळाला, दातुक. आमचा किताब कुठं पळालाय? आमचा जागेवर आहे."

दातुक कॉफी अर्धी टाकून उठला. विषय तिथेच वाळला.

पहिलं वर्षभर जास्नियार हवेत बोलली. "पाणी भरायचंय," असं म्हणायची. मग एक तर सगळे उठायचे नाही तर कुणीच उठायचं नाही. दुसऱ्या वर्षी तिनं बदकं पाळली. त्यांतला एक नर, मानेला पांढरं कडं असलेला, जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसायचा. एका सकाळी ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "बदकोबा, छप्पर गळतंय."

आस्रिलनं वर बघितलं, बदकाकडे बघितलं, शिडी लावली आणि छपरावर चढला.

झालं, घडी बसली. "बदकोबा, बाजारातून मिरची हवी." आता सासू आपल्याशी बोलली नसताना आपण थेट उत्तर देणं म्हणजे आगाऊपणा. म्हणून आस्रिलही खाली वाकून म्हणायचा, "बदकोबा, आजची मिरची सुकलेली आहे, उद्या आणतो." बदक एकदा इकडे मान करायचं, एकदा तिकडे. कौतुकसुद्धा त्याच वाटेनं यायचं. आस्रिलची बाजारात नारळ किसायची गिरणी होती. वर्षातून एकदा, ईदच्या आसपास, सासू म्हणायची, "बदकोबा, यंदा खोबरं बरं किसलंय." आस्रिल त्या दिवशी बदकाला मूठभर जास्त भात टाकायचा.

एकदा कुंपणावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. दोघंही दोन्ही बाजूंनी बदकावर इतकं खेकसले की ते दोन दिवस कोठाराखाली लपून बसलं. त्या दोन दिवसांत घरातलं पानही हललं नाही. सांगायचं कुणाला?

येर्निस मधल्यामध्ये दमायची. ती नवऱ्याला उदा म्हणायची, म्हणजे दादा. बायकोला किताबाची अडचण नसते.

"आई, एकदा म्हणून टाक ना. तो शब्द गरम आहे का, तोंड भाजायला?"

"थंड आहे," जास्नियार म्हणायची. "तेच तर."

अशी नऊ वर्षं गेली. आस्रिलला वाटायचं, ठीक आहे, लोकांच्या सासवा तर थेट बोलतात, आपली निदान बदकामार्फत बोलते.

मग त्याची मुलगी सुची आठ वर्षांची झाली आणि तिचं कुराण वाचून पूर्ण झालं. कुराण पूर्ण केलेल्या मुलांची गावभर मिरवणूक निघते, नंतर घरी पंगत. मिरवणुकीआधी गुरुजी प्रत्येक मुलाकडून कागद भरून घेतात: अमुक, अमक्या किताबाच्या बापाची लेक. तो पंगतीत मोठ्यानं वाचतात. सुची संध्याकाळी गिरणीवर आली आणि खोबऱ्याचा तुकडा चघळत म्हणाली, "आबा, तुमचा किताब काय हो?"

"का गं?"

"मी बदकोबा लिहिलं. आजी हाक मारते ना, आणि तुम्ही ओ देता. गुरुजी हसले. मग सगळेच हसले."

आस्रिलनं गिरणी बंद केली. स्वतः राख असण्याला त्याची हरकत नव्हती, पण राखेची लेक म्हणून सुचीला हसलेलं त्याला चालणार नव्हतं. त्यानं कागदावर किताब लिहून दिला, घरी आला आणि जिन्यापाशी वाकला.

"बदकोबा, शुक्रवारच्या पंगतीला मला रीतसर बोलावणं हवं. पानाचा डबा आणि किताब. त्याशिवाय मी वर येणार नाही."

वरून आवाज आला, "बदकोबा, घरच्या माणसाला कसलं बोलावणं?"

"बदकोबा, मी घरचा आहे हे नऊ वर्षांत आज पहिल्यांदा ऐकतोय."

बदकानं मान पंखात घातली.

शुक्रवारी आस्रिलनं सगळी कामं केली. साठ नारळ आदल्या दिवशीच किसून दिले, राग खोबऱ्यावर काढणाऱ्यांतला तो नव्हता. काळी टोपी, काळा कोट घालून सुचीबरोबर सबंध गाव फिरला. मिरवणूक दारात आली, सुची वर गेली आणि आस्रिल रस्त्यापलीकडच्या जामारिसच्या कॉफीच्या टपरीवर जाऊन बसला.

वर ऐंशी पुरुष मांडी घालून बसले. पुढ्यात भात, मांसाचं रेंदांग, फणसाची आमटी. आणि कुणी हात लावेना. आमच्या गावची रीत अशी की घरच्या मामानं जावयाला किताबानं साद घालायची, "अमुक सुतान, पाहुण्यांना सांगा," आणि मग जावयानं म्हणायचं, "हात धुवा." तोपर्यंत भुकेनं माणूस आडवा झाला तरी चालेल, पण बोट बुडवायचं नाही. आजवर हे काम आस्रिलचा साडू करायचा, येर्निसच्या मोठ्या बहिणीचा नवरा. तो यंदा मुलाकडे पेकानबारूला राहायला गेला होता. सासरी उरला होता एकच जावई, आणि तो समोर बसून कॉफीत साखर ढवळत होता.

दातुक बंदारो खिडकीत आला.

"अहो पाहुणे! अहो घरातले पाहुणे!"

रस्त्यावरच्या तिघांनी वर बघितलं.

"तुम्हालाच बोलावतायत वाटतं," जामारिस म्हणाला.

"छे. पाहुण्यांना बोलावतायत."

"आमटीवर साय धरली असेल एव्हाना."

"धरू दे. नारळ चांगले होते."

आत दातुक बहिणीला म्हणाला, "बाई, लोक घड्याळ बघायला लागलेत. मी म्हणून टाकतो."

"या घरात तो शब्द काढणार नाही अशी शपथ घेतलीय तू."

"तूच घ्यायला लावलीस."

"मग रस्त्यापलीकडे जाऊन काढ."

"मी दातुक, कुळाचा प्रमुख. पानाचा डबा घेऊन जावयामागे रस्ता ओलांडला तर उद्या माझाच किताब काढून घेतील."

जास्नियारनं पाठीमागे बघितलं. सुची सोनेरी मुकुट घालून, हातात तो कागद घट्ट धरून बसली होती. गुरुजी जांभई दाबत होते. तिची मैत्रीण कानात काहीतरी म्हणाली आणि खुदकन हसली. सुची हसली नाही.

जास्नियारनं पानाचा पितळी डबा उचलला आणि जिना उतरली. बाईमाणसानं पुरुषाला पानाचं बोलावणं द्यायला जाणं गावानं कधी पाहिलं नव्हतं. खिडक्यांत ऐंशी डोकी आली. तिच्यामागे, सवयीनं, बदकही डुलत निघालं.

टपरीसमोर ती थांबली. आस्रिल उठून उभा राहिला. तिनं खाली बघितलं.

"बदकोबा..."

पण बदक बाकाखाली पडलेल्या केळ्याच्या भज्याच्या तुकड्यामागे गेलं होतं. मध्ये कुणीच नव्हतं. जास्नियारनं डबा छातीशी धरला.

"सुतान," ती म्हणाली. डब्याचं झाकण दोनदा दाबून बसवलं. "पामुंचाक."

आता डबा पुढे करायचा आणि संपलं, असं सगळ्यांना वाटलं. पण तीस वर्षांचं बूच निघालं होतं.

"भातलावणीपर्यंत येतो म्हणालात. कुठल्या सालची भातलावणी? छपराचे पत्रे तीनदा बदलले. येर्निसला गोवर आला तेव्हा पाठीवर टाकून ओढा ओलांडला, छातीपर्यंत पाणी. तुमची चप्पल जिन्यात तशीच ठेवली होती. एक कुत्र्यानं नेली. दुसरी मी सहा वर्षं सांभाळली. एका चपलेचं मी काय करायचं होतं, सुतान पामुंचाक?"

आस्रिल त्या वेळी स्वतः रांगत होता. पण त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि मान खाली घातली. ती बोलत राहिली. म्हैस, विहीर, मोठीचं लग्न, शेजारणीची तोंडं. खिडकीतल्या ऐंशी माणसांपैकी बरेचजण आत सरकले. कुणाकुणाच्या चपला कुठल्या कुठल्या जिन्यांत राहिल्या होत्या.

"आणि कुंपण वाकडं बांधलंत," शेवटी ती म्हणाली.

"ते मात्र मीच," आस्रिल म्हणाला. "चुकलं, आई."

"नुसतं कुंपण?"

आस्रिलनं क्षणभर विचार केला. किताब एकदा अंगावर घेतला की त्याचा चिखलही आपलाच.

"सगळंच चुकलं. तीस वर्षं."

जास्नियारनं पदरानं नाक पुसलं. "परत खाली जाणार आहात?"

"नाही. माझी गिरणी इथं आहे."

तिनं डबा उघडून पुढे केला. त्यानं पान उचललं.

"चला, सुतान पामुंचाक. भात गार झाला."

वर जाऊन आस्रिल "हात धुवा" म्हणाला, तेव्हा ऐंशी हात एकदम वाट्यांत पडले. गुरुजींनी तोंडात घास घेऊनच सुचीचा कागद वाचला. किताब नीट वाचला. कुणी हसलं नाही; तोंडं भरलेली होती.

त्यानंतर जास्नियारनं मागचा सगळा अनुशेष भरून काढायला घेतला. पहाटेच्या नमाजापासून सुरुवात. सुतान पामुंचाक, सरपण. सुतान पामुंचाक, मिरची सुकलेली कशी आणलीत. सुतान पामुंचाक, ते कुंपण. पंधरा दिवसांत आस्रिलला बदकाची किंमत कळली.

बदकाला आता कुणी काही विचारत नाही. ते दोन आठवडे पायरीवर रिकामं बसून होतं. मग एका सकाळी जास्नियारनं आतून हाक मारली, "सुतान पामुंचाक, छप्पर गळतंय." आस्रिल शिडी आणायला वळला, आणि बघतो तर बदक त्याच्या आधीच शिडीपाशी जाऊन उभं.