निजामभाईचा सर्च

निजामोद्दीनभाई म्हंजे आमच्या मुरुडचा फोटोवाला. माझं फॉल-पिकोचं दुकान त्याच्या स्टुडिओला खेटून हाय, मधी निस्ता एक पत्रा. लोक त्याला देवमाणूस म्हणतेत. मी म्हणते, येडा हाय. असली धोंड कुणी हातानं गळ्यात बांधून घेतं का?

लग्नात सगळे फोटोवाले नवरा-नवरीच्या मागं पळतेत. ह्यो मांडवातल्या एकेका माणसाचा फोटो काढत हिंडतो. ही कोण, ते कोण, पंगतीत इचारून घेतो आन दुकानात येऊन प्रत्येक फोटोला त्या माणसाचं नाव जोडतो. टॅग म्हणतेत त्याला. नाव टाकलं की कॉम्प्युटर त्या माणसाचे सगळे फोटो काढून देतो. आमच्याकडं जित्या म्हाताऱ्याचा फोटो कोण काढतंय? माणूस गेलं, तेरवी आली, हार घालायला फ्रेम पायजे, मग पोरं ह्याच्याकडं पळत येतेत. म्हणून ह्याचं दुकान कधी बंद न्हाई. लेक तूबा नांदेडला दिलीय, ती ‘अब्बू, या’ म्हणून म्हणून थकली. ह्याचं एकच, “आन नेमकं कुणी आलं तर?”

परवा वैजनाथ आला. त्याची माय केवळाबाई वारली होती आन दुसऱ्या दिवशी तेरवी. “भाई, मोबाइल दिसला की माय पदर ओढायची. आधारवरच्या फोटोत तर वळखूच येत न्हाई. असला तर तुमच्याकडंच असंल.”

भाईनं नाव टाकलं. काहीच न्हाई. दुसऱ्या कुणाचं टाकून बघितलं, ते बी न्हाई. फोटो सगळे जाग्यावर, पण टॅगनं एक बी घावंना. भाईच्या तोंडचं पाणी पळालं. वैजनाथ दारातच स्टूल टाकून बसला. “फोटो घेतल्याबिगर मी हलत न्हाई.” आता भाईला तरी कसं हलता येणार? दुकान ते केवढं, दार एकच.

मी पत्र्याआडून ऐकतच होते. गेले. भाईनं सांगितलं, कॉम्प्युटर दर खेपेला सगळे फोटो उघडून बघत न्हाई. आधीच एक यादी करून ठेवतो आन तिच्यातच शोधतो. जुनी डिस्क भरली म्हणून भाईनं फोटो नव्या डिस्कवर हलवले होते, आन यादीला नव्या डिस्कचा पत्ताच न्हाई. मग त्यानं सेटिंगमदी जाऊन नव्या डिस्कवर टिक केली आन यादी नव्यानं करायला लावली.

“झालं का?” वैजनाथनं इचारलं.

“होऊन राहिलंय.”

होऊन राहिलंय, होऊन राहिलंय, उन्हं कलली तरी तेच. भाईचा डबा तसाच पडलेला. घरून त्याच्या बायकोचा, अख्तरीभाभीचा, फोन वाजून वाजून गप झाला. उठावं तर वैजनाथ डोळे वटारून दारात. “कुटं येऊन अडकलो मी,” भाई पुटपुटला. मला त्याची कीव आली आन रागबी आला.

“मग सोडा की हे टॅगचं खूळ!”

“सोडलं तर ह्यानं कुटं जावं?” त्यानं वैजनाथकडं बोट केलं.

शेवटी एकदाची यादी पुरी झाली. दुसरी नावं टाकली, फोटो धडाधड आले. म्हंजे सर्च दुरुस्त झाला. ‘केवळाबाई’ टाकलं आन काहीच न्हाई. वैजनाथ उठला, भिंतीला डोकं टेकलं आन लेकरावानी रडाय लागला. मायचं तोंडबी गेलं म्हणला.

तवा माझ्या डोक्यात आलं. “भाई, पंगतीत तुम्ही इचारता, पण बाईचं नाव सांगतं कोण? ‘वैजनाथची माय’ टाका.”

टाकलं. आन बाई आली की हो! कुणाच्या हळदीत, कुणाच्या पंगतीत. एका फोटोत तर पदर खांद्यावर घसरलेला आन तोंडभर हसून राहिलेली. वैजनाथ डोळे पुसत बघत राहिला. “माय अशी हसायची व्हय?” तोच फोटो त्यानं फ्रेमला दिला, आन फ्रेम छातीशी धरून गेला बिचारा.

भाई हुश्श करून उठाय लागला. मी म्हणलं, “बसा. आता सोमेशची माय टाका.” सोमेश माझा पोरगा.

स्क्रीन भरून मीच. दिराच्या लग्नात, नणंदेच्या लग्नात, शेजारणीच्या लेकीच्या हळदीत. जिथं तिथं सोमेशची माय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आन खरं सांगते, रडूबी आलं. “खोडा ते! माझं नाव घाला.”

“घालतो की, रागावता कशाला,” म्हणत भाई परत खुर्चीत बसला. कीबोर्डवर बोटं ठेवली आन थांबला. एवढ्या वर्साचा शेजार आमचा. खाली मान घालून म्हणला, “काय नाव हाय तुमचं?”

मी तोंड उघडलं. सिंधु म्हणायला मला जरा येळच लागला.