हवेची बिस्किटं

शामूच्या घरी यंदा नाताळ नाही, असं मी सगळ्या गल्लीत सांगून आलो. मला कुणी विचारलं नव्हतं. शामूला जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि आमच्यात ज्या घरातलं माणूस गेलं तिथं वर्षभर सण करत नाहीत, कढई चढत नाही. फराळाचा डबा आपण न्यायचा असतो. तेव्हा दारोदार चेहरा पाडून उभा राहिलो आणि बजावलं, "वहिनींना त्रास नको, कुणी जाऊ नका." नाताळच्या संध्याकाळी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन मी एकटाच गेलो, तर दारावर कागदी चांदणी लागलेली. आत टेबलभर काचेच्या ताटल्या, त्यांवर जाळ्या आणि जाळ्यांखाली ती पांढरी, टोकदार बिस्किटं. दिवसभर मळभ होतं. उघड्यावर राहून बिस्किटं ओलसर झाली होती, काही बसली होती. रुथवहिनी इस्त्रीच्या साडीत खुर्चीवर. "सकाळपासून दार उघडं ठेवलंय, भावजी," त्या म्हणाल्या. "कुणीच कसं आलं नाही?"

मी लाडवांचा डबा पाठीमागे लपवला. साठी उलटलेला माणूस...

शामू म्हणजे शमुवेल. साताऱ्याच्या एकाच शाळेत आम्ही नोकरीला लागलो. तो सांगलीचा, गणिताचा. मी आटपाडीकडचा, मेंढरांमागं फिरता फिरता शिकून मराठीचा मास्तर झालेला. त्या पहिल्या डिसेंबरात तो सांगलीहून आईचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन घेऊन एसटीनं आला. कराडपर्यंत उभ्यानं, पुढं तो मांडीवर घेऊन बसून. म्हणाला, "गड्या, दंडात जोर हाय का?" मी फुशारकीनं बाही वर केली, आणि तेव्हापासून दर नाताळला अंड्यातला पांढरा बलक फेटायचं काम माझ्या गळ्यात पडलं. भांड्याला तुपाचा हात लागला तरी फेस धरत नाही, म्हणून तो आधी ते लिंबानं पुसायचा. मग मी फेटायचं आणि त्यानं चमच्या चमच्यानं साखर सोडायची. फेस घट्ट झाला की नाही, याची त्याची परीक्षा ठरलेली. मला खाली बसवायचा आणि भांडं माझ्या डोक्यावर उलटं धरायचा. "पडलं तर तू नापास!" एकदा बोलण्याच्या नादात मी फेटताना हात सैल सोडला आणि सगळा पांढरा ऐवज माझ्या टकलावर आला. शामू जमिनीवर बसून हसला, आणि मग स्वतःच्या टॉवेलानं माझं डोकं पुसता पुसता पुन्हा हसला. तो टॉवेल पुढं कित्येक वर्षं तो मला नाताळला दाखवायचा.

ओव्हन जेमतेम तापवून तो बटण बंद करायचा. "ही भाजायची नसतात रं, नुसती वाळवायची." नाव मेरँग, पण गल्लीत ती हवेची बिस्किटंच. माझी आई गावाहून आली तेव्हा तिनं एक तोंडात टाकलं, जरा वेळ थांबली आणि म्हणाली, "खाल्लं का न्हाई तेच कळंना की! आनि एक दे बरं." तेवढ्यावर शामू इतका खूश, की दर नाताळला आटपाडीला तिच्यासाठी वेगळा डबा जायला लागला. नाताळच्या सकाळी त्याच्या घरी सगळी गल्ली यायची. त्याला ताटल्या घरोघर पाठवणं पसंत नव्हतं. माणसानं यावं, बसावं, खावं.

शेवटचा भेटलो तेव्हा तो उशांना टेकून होता. आवाज खोल गेलेला. "यंदा फेटायचं तू," म्हणाला. "मी नसलो तरी. फक्त भांडं रुथला धरू दे, तुझा भरवसा न्हाई." मी म्हणालो, "तू आधी उठ तर." आजारी माणूस काहीबाही बोलतो, असं मी धरून चाललो... तो मला सरळ मराठीत सांगत होता, आणि मराठीच्या मास्तरला ते समजलं नाही.

त्या संध्याकाळी वहिनींना सगळं सांगितलं. त्या उठल्या, जाळ्या उचलून ताटल्या आत नेऊ लागल्या. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "आवं, मग तुमीच जावा की परत दारोदार!" गेलो. ज्या ज्या दारात चेहरा पाडला होता, तिथं तिथं उभा राहून सांगितलं, "माझं चुकलं. एक तारखेला सकाळी सगळे या."

आदल्या दुपारी वहिनींनी माझ्यासमोर ते भांडं ठेवलं. कडेला एक पोचा आहे, शामूच्या हातून पडल्याचा. लिंबानं पुसलं, फेटायला बसलो. फेस चढत होता आणि मला शामूच्या आजारपणाचं, त्याच्या शेवटच्या दिवसांचं काही सांगावंसं वाटलं. मी सांगत राहिलो. वहिनींनी भांडं उचललं, माझ्या डोक्यावर उलटं धरलं. एक गार थेंब टकलावर ओघळला.

भांडं पुन्हा माझ्या मांडीत ठेवत त्या म्हणाल्या, "भावजी, गल्लीभर जेवढं तोंड चालवलंत, तेवढा हात चालवा."